विंडोज न काढता लिनक्स वापरून बघा

विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि जुना पीसी विंडोज ११ घेत नाही? नवा घेण्याआधी लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्हवरून चालवून बघा.

१. मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम असलेली एकच फाइल) उतरवा.
२. रूफस या विंडोजवरच्या मोफत प्रोग्रामने ती ८ जीबी पेनड्राइव्हवर चढवा. त्यातला जुना डेटा पुसला जातो.
३. पीसी सुरू होताना बहुधा एफ१२ (एचपीवर एफ९) दाबून पेनड्राइव्ह निवडा.
४. वायफाय, आवाज, मराठी टायपिंग आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासा. गाडी बहुधा तिथेच अडते.

पेनड्राइव्हवरून थोडे संथ चालते, त्यावरून वेग ठरवू नका. डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल’ आयकॉनला मात्र हात लावू नका. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही; त्यावर काम असेल तर विंडोजच ठेवा.