वेब प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम कसा करावा

विद्यापीठातील वेब प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमात सहसा आधी एचटीएमएल (पानाचा मजकूर व रचना लिहिण्याची भाषा), मग सीएसएस (पानाचे रंगरूप ठरवणारी भाषा) आणि त्यानंतर जावास्क्रिप्ट (पानाला प्रतिसाद द्यायला लावणारी प्रोग्रॅमिंग भाषा) शिकवली जाते. सुरुवातीचे आठवडे इतके सोपे जातात की अनेक विद्यार्थी तिथेच गाफील राहतात. एचटीएमएलमधील एखादा टॅग (मजकुराच्या भागाची सुरुवात व शेवट दाखवणारी खूण) बंद करायचा राहिला, तर ब्राउझर अंदाजाने पान जुळवून घेतो आणि सीएसएसमधील न कळलेली ओळ मुकाट्याने सोडून देतो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र एक कंस राहिला, तरी ती सबंध फाइल चालत नाही, आणि पानावर त्याचा मागमूसही दिसत नाही. बटण दाबावे आणि काहीच घडू नये, एवढेच हाती लागते.

म्हणून पहिल्या दिवसापासून ब्राउझरमधील डेव्हलपर टूल्स (पानाची आतली रचना व चुका दाखवणारी साधने) उघडी ठेवूनच काम करावे. बहुतेक संगणकांवर ती एफ१२ ही कळ दाबून उघडतात. त्यातील कन्सोल या चुकांचे संदेश दाखवणाऱ्या भागात लाल अक्षरांत आलेला संदेश पूर्ण वाचावा व ओळीचा क्रमांक पाहावा; मात्र तो क्रमांक चूक जिथे लक्षात आली तिथला असतो, मूळ चूक बरेचदा त्याच्या वर सापडते.

ज्या चुकांना संदेशच नसतो, त्या अधिक त्रास देतात. दोन चौकटींत ५ आणि ३ भरून बेरीज करणारे पान लिहून पाहावे: उत्तर ५३ येते. चौकटीतून मिळणारे मूल्य मजकूर असते आणि अधिकचे चिन्ह मजकुराला मजकूर जोडते, त्यामुळे आधी त्याचे संख्येत रूपांतर करावे लागते. गंमत अशी की वजाबाकी केली तर उत्तर बरोबर २ येते, आणि केवळ तेवढेच तपासणारा विद्यार्थी निर्धास्त राहतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट या भाषेचे पहिले रूप अवघ्या दहा दिवसांत तयार केले होते. तिच्या लहरींवर चिडण्यापेक्षा त्या वहीत टिपून ठेवाव्यात.

वर्गात दाखवलेला कोड कॉपी न करता स्वतः टाइप करावा, मग त्यातील एकच गोष्ट बदलावी आणि पान ताजे करण्यापूर्वी काय दिसेल ते कागदावर लिहावे. उदाहरणार्थ, ३०० पिक्सेल रुंदीच्या चौकटीला चारही बाजूंनी २० पिक्सेल पॅडिंग (मजकूर व कडा यांमधील मोकळी जागा) आणि ५ पिक्सेल बॉर्डर (कडेची रेघ) दिल्यास ती मुळात ३५० पिक्सेल जागा व्यापते. हे गणित एकदा स्वतः मांडले की शेजारचा स्तंभ खाली का घसरतो, हे विचारावे लागत नाही.

असाइनमेंट सर्व्हरवर (इंटरनेटवरून पाने पुरवणाऱ्या संगणकावर) चढवायची असेल, तर पहिल्याच आठवड्यात एक रिकामे पान चढवून पाहावे. विंडोज फाइलच्या नावातील कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत सहसा भेद करत नाही, लिनक्स सर्व्हर करतो. त्यामुळे घरी नीट दिसणारी चित्रे तिथे गायब होतात आणि डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क या टॅबमध्ये ४०४ (फाइल सापडली नाही) हा आकडा दिसतो. सर्व नावे स्मॉल अक्षरांत व मोकळी जागा न सोडता लिहावीत, आणि काम सादर करण्यापूर्वी ते पान दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावे.