शेजाऱ्याचा राग आला तर आधी दोघांतच बोला

शेजाऱ्याने पुन्हा तुमच्या जागेत गाडी लावली की बोटं सोसायटीच्या ग्रुपकडे वळतात. तिथेच थांबा. बायबलमध्ये मत्तय 18:15-17 मध्ये क्रम दिलाय: आधी दोघांतच, मग एकदोघांना सोबत घेऊन, मंडळीपुढे, म्हणजे चर्चपुढे, त्यानंतर. तो मंडळीतल्या भावाबद्दल असला तरी शेजाऱ्यालाही लागू पडतो, कारण चारचौघांत बोललं की समोरचा चूक कबूल करायची सोडून अब्रू सांभाळायला लागतो.

मनातलं सगळं कागदावर लिहा. फोनवर नको, चुकून पाठवलं जातं. मग ‘नेहमी’, ‘मुद्दाम’, ‘तुम्ही लोक’ खोडा. उरते एकच घटना: “काका, काल रात्री माझ्या जागेत तुमची गाडी होती, मला रस्त्यावर लावावी लागली.” एवढंच बोला आणि त्यांचं पूर्ण ऐका. बायबलमधल्याच इफिस 4:26 प्रमाणे दिवस मावळायच्या आत बोलणं उत्तम, पण माणूस नुकताच कामावरून आला असेल तर चहा होऊ द्या.

एक सापळा फार फसवा आहे: ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून हीच तक्रार प्रार्थनागटात मांडणं. नाव घेऊन मांडली की ती चहाडीच. प्रार्थना जरूर करा, पण बेल वाजवण्याआधी, एकट्याने.