पावट्यावरचा काळा मावा: औषध न मारता

दसरा उलटून पावट्याचा वेल मांडवावर चढला, तुरे दिसू लागले की काळा मावा, म्हणजे रस शोषणारे इवले काळे किडे, येतोच. साताऱ्यात आमच्या परसात तरी एकही हिवाळा त्याच्यावाचून जात नाही. कोवळा शेंडा, तुऱ्याचा दांडा आणि नुकती धरलेली शेंग, एवढंच त्याला हवं असतं. त्यात आभाळ आलं की बघायलाच नको. मादीला नर लागत नाही. ती अंडी न घालता थेट पिल्लं देते आणि ती पिल्लं आठवडा-दहा दिवसांत स्वतः विऊ लागतात. म्हणून सगळी मेहनत पहिल्या आठवड्यात करायची.

आधी मुंग्या बघा. मांडवाच्या बांबूवरून रांग वर चाललीय म्हणजे वर मावा आहे. माव्याच्या अंगातून गोड चिकटा गळतो, तो मुंग्यांचा खाऊ. त्यासाठी त्या माव्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकून लावतात. मी बांबूला वीतभर उंचीवर चिंधी गुंडाळून ती एरंडेल तेलात भिजवते. वेलाच्या खोडाला तेल लागू देऊ नका. आधी जाड कागद गुंडाळा आणि त्यावर चिंधी बांधा. धूळ बसली की पुन्हा तेल. एखादी फांदी भिंतीला किंवा शेजारच्या पेरूला टेकली असेल तर ती छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून येतात.

मग पाणी. सकाळी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून जोराची धार काढा, शेंड्यामागे दुसरा तळवा धरा आणि पानांच्या खालच्या बाजूनं मावा धुवून काढा. खाली पडलेला बिनपंखी मावा सहसा वर परतत नाही. एक दिवसाआड असं तीन-चार वेळा करा. सकाळीच, म्हणजे उन्हात पानं सुकतात. जो शेंडा पार काळा होऊन वळलाय तो खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा.

पण खुडण्याआधी तो शेंडा नीट न्याहाळा, ही माझी कळकळीची विनंती. माव्यात काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या मगरीसारखी अळी फिरताना दिसली तर ती ढालकिड्याचं, म्हणजे लेडीबर्डचं, पिल्लू आहे. लोक तिलाच कीड समजून चिरडतात. ती दिवसभर मावाच खाते. पानाखाली पिवळ्या, उभ्या अंड्यांचा झुबका दिसला तर तोही ढालकिड्याचाच. काही मावा फुगून तपकिरी, कागदासारखा कोरडा झालेला असतो. त्याच्या पोटात बारीक गांधीलमाशी वाढत असते. असे शेंडे वेलावर राहू द्या.

एवढं करूनही मावा हटला नाही तरच साबण. एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवसाबण, म्हणजे साधारण 5 मिली. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. साबण ज्याच्या अंगाला लागतो तोच किडा मरतो, वाळल्यावर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून संध्याकाळी, फक्त माव्याच्या शेंड्यावर, खालून मारा. सकाळी साध्या पाण्यानं धुवा. ढालकिड्याची पिल्लं असलेल्या शेंड्यावर साबणही मारू नका, त्यांनाही तो सोसत नाही.

युरिया आणि कच्चं शेणखत मात्र बंद ठेवा. नत्र जास्त झालं की शेंडे लुसलुशीत होतात आणि मावा तिथेच जमतो. कुजलेलं खत बेतानं द्या. वाफ्याच्या कडेला कोथिंबीर आणि शेपूची चार रोपं न खुडता फुलू द्या. त्या बारीक फुलांवरचा मध प्यायला गांधीलमाश्या आणि माव्यावर अंडी घालणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या माश्या येतात. पावटा फुलायच्या वेळी ती रोपं फुलावीत म्हणून ती गणपतीच्या सुमारास पेरा.