रेमेडियलला जा, पण कोरी वही घेऊन जाऊ नका

प्रथम वर्षाला अर्थशास्त्र घेतलंय आणि रेमेडियलच्या, म्हणजे विषयात मागे पडलेल्यांसाठी घेतात त्या जादा वर्गाच्या यादीत नाव लागलंय म्हणून तोंड पाडून बसला असाल, तर आधी ते सोडा. नोटीस बोर्डासमोर मुलं अशी उभी असतात की जणू तिथे गुन्हेगारांची नावं लावलीत. काही कॉलेजांत याच वर्गाला ब्रिज कोर्स म्हणतात, काही ठिकाणी विशेष मार्गदर्शन. नाव काहीही असलं तरी एक गोष्ट पक्की असते: मोठ्या वर्गात शंभरेक मुलांसमोर 'सर, कळलं नाही' म्हणायला जीभ उचलत नाही, इथे दहा-पंधरा जणांत उचलते. यादीत नाव नसेल तरी जाऊन बसा. सहसा कुणी हाकलत नाही, उलट हजेरीपटावर डोकी वाढली तर शिकवणाऱ्याला बरंच वाटतं.

मी गावातल्या मराठी शाळेतून आले, बारावी आर्ट्सला अर्थशास्त्रात बरे मार्क होते, आणि तरीही पहिल्या सत्रात या विषयाने मला चांगलंच रडवलं. सध्या तासिका तत्त्वावर शिकवते. हा वर्ग दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो, कारण पर्मनंट मंडळींना त्यात रस नसतो. तक्रार नाही. म्हणजे थोडी आहे, पण ती मानधनाबद्दल.

या वर्गात मुलं येतात ती नोट्ससाठी. 'मॅडम, आयएमपी सांगा ना.' मी सांगत नाही, आणि जो सांगतो त्याच्या वर्गाला रेमेडियल म्हणायचं कारण नाही, तो नुसता डिक्टेशनचा तास. उत्तर लिहून घेतलं की काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं आणि घरी जाऊन वही बंद होते. त्यापेक्षा एक करा: येताना एक सोडवलेलं, फसलेलं गणित किंवा आकृती घेऊन या. खाडाखोड केलेली असली तर उत्तमच. तुमची गाडी नेमकी कुठे अडली हे शिकवणाऱ्याला त्या खाडाखोडीवरून मिनिटभरात कळतं. 'मला लवचिकता समजत नाही' एवढंच म्हणालात तर तो पुन्हा व्याख्येपासून सुरू करणार, आणि ती तुम्हाला पाठ असतेच.

आता लवचिकतेचं, म्हणजे किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते त्याचं, सविस्तर सांगते, कारण मी तिथेच आपटले होते आणि दर वर्षी निम्मा वर्ग तिथेच आपटतो.

बारावीपासून आपण मागणीच्या लवचिकतेच्या पाच आकृत्या काढत आलोय. आडवी रेषा म्हणजे अनंत लवचीक, उभी म्हणजे शून्य, पसरट म्हणजे जास्त लवचीक, चढी म्हणजे कमी लवचीक, आणि एकक लवचिकतेचा तेवढा वक्र. पाठ करायला सोप्या, मार्कही पुरते. पण त्या आकृत्या काढता काढता डोक्यात एक चुकीची गोष्ट घट्ट बसते, की रेषेचा उतार बघायचा आणि लवचिकता सांगून टाकायची. मग विद्यापीठाच्या पेपरात एकाच सरळ रेषेवर तीन बिंदू देऊन लवचिकता विचारतात आणि आपण तिन्हीकडे एकच उत्तर लिहून येतो. रेषा एक, उतार एक, मग लवचिकता वेगळी कशी असेल?

वेगळी असते. कागद घ्या आणि करून बघा, नुसतं वाचू नका. समजा, मागणी = १०० − (२ × किंमत). किंमत १ रुपयाने वाढली की मागणी २ नगांनी घटते, रेषेवर कुठेही उभे राहा. आता किंमत १० रुपये धरा. मागणी ८०. किंमत १ रुपयाने वाढवली म्हणजे १० टक्के वाढ. मागणी ८० मधून २ ने घटली म्हणजे अडीच टक्के. अडीच भागिले दहा, लवचिकता ०.२५. ऋण चिन्ह आपण सोडून देतोय, पुस्तकंही बहुतेकदा सोडतात.

आता त्याच रेषेवर वर चढा, किंमत ४० रुपये. मागणी २०. तोच १ रुपया आता फक्त अडीच टक्के होतो, आणि तेच २ नग आता १० टक्के. लवचिकता थेट ४. मधोमध २५ रुपयांना मागणी ५०, दोन्हीकडे ४ टक्के, लवचिकता बरोबर १. उतार जागचा हलला नाही आणि लवचिकता पाव ते चार अशी फिरली. उतार रुपये आणि नग मोजतो, लवचिकता टक्के मोजते, आणि टक्के कशावर काढले यावर सगळं अवलंबून असतं.

इथेच एकूण खर्च पद्धतही करून टाका, म्हणजे किंमत गुणिले मागणी करून लवचिकता ओळखायची रीत. वेगळा धडा म्हणून ठेवू नका. १० रुपयांना ८० नग, खर्च ८००. २५ ला ५०, खर्च १२५०. ४० ला २०, पुन्हा ८००. मध्याच्या खाली किंमत वाढवली की खर्च वाढतो, मध्याच्या वर वाढवली की घटतो. हे तीन गुणाकार ज्याने हाताने केले त्याला लवचिकतेचा कोणताही प्रश्न फिरवून विचारला तरी घाबरायचं कारण उरत नाही.

मग त्या पाच आकृत्या खोट्या का? नाहीत. आडवी, उभी आणि तो वक्र सगळीकडे खरे, पसरट आणि चढी मात्र अर्धवट आहेत. दोन रेषा एकाच बिंदूतून जात असतील आणि एकाच आलेखावर काढल्या असतील, तर त्या बिंदूपाशी पसरट रेषा चढ्या रेषेपेक्षा जास्त लवचीक असते. एवढंच त्या दोन आकृत्या सांगतात. बिंदू बदलला किंवा अक्षावरचं माप बदललं की नजरेवर भरवसा ठेवू नका. उभ्या अक्षावर एका सेंटिमीटरला १० ऐवजी २० रुपये घेतले तर तीच रेषा चपटी दिसायला लागते.

गणित घेऊन बारावी केलेल्यांनी आणखी एक सांभाळा. आपल्या आकृतीत किंमत उभ्या अक्षावर असते. फ्रेंच अर्थतज्ज्ञ कूर्नोने १८३८ मध्ये मागणीचा वक्र मांडला तेव्हा किंमत आडव्या अक्षावर होती, पण इंग्लिश अर्थतज्ज्ञ मार्शलच्या १८९० च्या ग्रंथातून किंमत उभ्या अक्षावर घ्यायची पद्धत रुळली आणि जगभर तीच चालते. त्यामुळे वरच्या रेषेचा आकृतीतला उतार २ नाही, अर्धा येतो. लवचिकतेच्या सूत्रात मात्र, १ रुपयामागे घटणारे नग म्हणून, २ घालायचे. इथे हुशार मुलंही गडबडतात, आणि 'मला गणित येतं' या तोऱ्यात ती रेमेडियलला येतही नाहीत.

वर्गाचा खरा उपयोग कधी होतो ते सांगते. शेतमालाची मागणी अलवचीक असते, म्हणजे भाव बदलला तरी ती त्यामानाने थोडीच हलते, म्हणून पीक भरघोस आलं की भाव इतका पडतो की सगळ्यांची मिळून कमाई घटते, हे मी फळ्यावर मांडत होते. नाशिककडच्या एका मुलाने विचारलं, 'मॅडम, मग पप्पांनी कांदा कमी लावला तर पैसे जास्त होतील?' वर्ग हसला. हसायला नको होतं, कारण प्रश्न अगदी मोक्याचा होता. लासलगावच्या बाजारात एका घरचे चार-सहा क्विंटल आले काय, न आले काय, भाव तसूभर हलत नाही. सगळ्या बाजाराच्या कांद्याची मागणी अलवचीक, पण एकट्या शेतकऱ्यासमोरची मागणी रेषा जवळपास आडवी. त्याने कमी पिकवलं तर त्याची कमाई कमीच होणार. पूर्ण स्पर्धेचं, म्हणजे एकट्या विक्रेत्याच्या हाती भाव नसतो त्या बाजाराचं प्रकरण मोठ्या वर्गात पुष्कळ पुढे येतं आणि तोवर लवचिकता कुणाच्या लक्षात नसते, म्हणून हे दोन धागे कुणी जोडून देत नाही. त्या दिवशी ते त्या मुलामुळे जुळले.

मार्गदर्शक कुणाला धरायचं यावर माझं मत जरा तिरकं आहे. टॉपर दादा-ताईंच्या मागे लागू नका. त्यांना ते कसं जमलं हे त्यांनाच सांगता येत नाही, 'सोपं आहे रे' म्हणून मोकळे होतात. एटीकेटी लागून, म्हणजे पेपर राहूनही पुढच्या वर्षात जाऊन, मग सुटलेला सीनियर शोधा. कोणत्या पायरीवर पाय घसरतो हे तो नेमकं दाखवेल. मला ज्या ताईने हे टक्क्यांचं प्रकरण समजावलं तिचाही हा पेपर एकदा राहिला होता.

अपेक्षित प्रश्नांच्या पुस्तकांनी पास होता येतं, हे मान्य. पण नव्या शैक्षणिक धोरणानंतर अंतर्गत मूल्यमापनात शिक्षक स्वतःचे आकडे घालून प्रश्न देऊ शकतात, आणि पाठ केलेलं उत्तर तिथे उघडं पडतं. मोबाइलवर प्रश्नाचा फोटो टाकून उत्तर मागवणंही तसलंच. बघा, जरूर बघा, पण स्वतः एकदा चुकल्यावर.

मराठीतून लिहिता म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका, पेपर मराठीत लिहून पुढे गेलेले खूप आहेत. पुढची संदर्भ पुस्तकं मात्र बरीचशी इंग्रजीत भेटतील, तेव्हा आतापासून वहीच्या समासात प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी शब्द लिहीत जा. भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश ग्रंथालयात मागा. काउंटरवर 'नाही' म्हणाले तरी एकदा संदर्भ विभागाच्या कपाटात डोकावून या.

शेवटचं, वेळेबद्दल. हा वर्ग बऱ्याच ठिकाणी शेवटच्या तासानंतर ठेवतात, म्हणजे नेमका एसटीच्या वेळेला. मुलं बस पकडायला पळतात आणि कॉलेज म्हणतं, प्रतिसाद नाही. एकेकट्याने कुरकुर करू नका. सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज करा, एसटी पासच्या झेरॉक्स जोडा आणि विभागप्रमुखांना द्या, सकाळची वेळ मागा. माझ्या वर्गाची वेळ अशाच अर्जाने बदलली. मात्र सत्र सुरू होताच पहिल्या पंधरवड्यात द्या, एकदा वेळापत्रक छापून लागलं की त्याला कुणी हात लावत नाही.