यादीत नाव दिसतंय, तरी पायथन 'नाही' म्हणतो? या चुका टाळा

लिस्टमध्ये एखादी गोष्ट आहे का, हे बघायला पायथनमध्ये 'इन' एवढा एक शब्द पुरतो. तरीही कधी कधी उत्तर 'फॉल्स' येतं आणि लूप लावून छापलं की तेच नाव समोर ढळढळीत दिसतं. अशा वेळी लूप नको, अख्खी लिस्ट एकदम छापा. मग फाइलमधून वाचताना शेवटी चिकटून आलेली नव्या ओळीची खूण किंवा जादा स्पेस उघडी पडते. स्ट्रिप() वापरलं की काम झालं.

मराठी मजकुरात खरा घोळ 'ऱ'चा. 'कऱ्हाड' दोन प्रकारे टाइप होतं. कुणाचा कीबोर्ड सरळ 'ऱ' आणि हलन्त देतो, तर कुणाचा साधा 'र', हलन्त आणि मागे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य अक्षर. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण पायथनच्या लेखी ती दोन वेगळी गावं. पायथनसोबत येणाऱ्या युनिकोडडेटा या मॉड्यूलचं नॉर्मलाइज() इथे कामाला येत नाही. ते 'र' आणि नुक्ता (खालचं टिंब) जोडून एक 'ऱ' करतं, झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. ते अक्षर नुसतं पुसून टाकायचा मोह होतो, पण मग 'र'चा रफार होऊन गावाचं नावच बिघडतं. 'र', हलन्त, झेडडब्ल्यूजे या तिघांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त ठेवा. लिस्ट भरताना आणि शोधताना, दोन्हीकडे.

उलट चूकही होते: नसलेलं सापडतं. कंसात एकटं 'सांगली' लिहून स्वल्पविराम विसरलात, तर तो टपल (गोल कंसातली यादी) नाही, साधी स्ट्रिंग (नुसता मजकूर) आहे. त्यात 'गली' शोधा, 'ट्रू' मिळेल! चौकोनी कंस वापरलेला बरा.

शहर == 'पुणे' ऑर 'नाशिक' ही अट तर नागपूरलाही लागू पडते, कारण रिकामी नसलेली स्ट्रिंग नेहमी खरीच धरली जाते. इनपुट()मधून आलेला २३ हीसुद्धा स्ट्रिंगच, आकड्यांच्या लिस्टमध्ये तो सापडणार नाही. आधी इंट() करा.

आणि लाखभर नावं लाखभर नावांच्या लिस्टमध्ये शोधत बसू नका. 'इन' दर वेळी पहिल्या नावापासून सुरुवात करतं. लूपच्या बाहेर एकदाच त्या लिस्टचा सेट() करून ठेवा, त्यात शोध असा पहिल्यापासून सुरू होत नाही. लूपच्या आत केलात, तर होतं त्याहून हळू चालेल.