चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा लागतो? कोड पुसू देण्याआधी हे करा

गॅरेजमधून गाडी येते तेव्हा दिवा विझलेला असतो. तीन-चार दिवसांनी ऑफिसच्या वाटेवर तो पुन्हा लागतो. मग पुन्हा गॅरेज, आणखी एखादा सेन्सर, आणखी एक बिल. अशा गाड्यांत बहुतेक वेळा बिघाड सापडलेलाच नसतो, फक्त गाडीच्या संगणकातली त्याची नोंद, म्हणजे कोड, पुसलेली असते. हे चक्र थांबवायचे तर ती नोंद पुसण्याआधी तुमच्याकडे असायला हवी. पेट्रोल आणि सीएनजी गाड्या डोळ्यांपुढे ठेवून पुढचे लिहिले आहे. डिझेलचे वेगळे तेवढे मध्ये येईल.

आधी दिवा नीट पाहा

चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागतच नसेल, तर दिव्याची जोडणी कुणीतरी काढून टाकलेली असू शकते. वापरलेली गाडी विकत घेतानाही ही पाच सेकंदांची तपासणी विसरू नका.

चालत्या गाडीत दिवा स्थिर आहे आणि पिकअप नेहमीसारखा आहे, तर गॅरेजपर्यंत सावकाश जायला हरकत नाही. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारते आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'कॅट'मध्ये, जाऊन पेटते आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या एका कॉइलचे दुखणे मग कॅटच्या बिलापर्यंत जाते. अॅक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या, जमले तर टो करूनच न्या. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवाही लागला, तर इंजिन लगेच बंद करा.

कोड स्वतः वाचा

भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या कारना ओबीडी-२, म्हणजे बिघाड स्वतः ओळखून नोंदवणारी यंत्रणा, सक्तीची झाली. स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचे सॉकेट असते. त्यात बसणारा ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ स्कॅनर साधारण ५०० ते १,५०० रुपयांत मिळतो. आयफोन असेल तर त्याच्याशी जुळणारा, वायफायचा किंवा लो एनर्जी ब्लूटूथचा, स्कॅनर बघून घ्या.

१. चावी ऑन, इंजिन बंद. स्कॅनर सॉकेटमध्ये बसवून फोनच्या अॅपशी जोडा.

२. 'स्टोअर्ड' आणि 'पेंडिंग' या दोन्ही याद्यांतले कोड लिहून घ्या. पेंडिंग म्हणजे एकदा दिसलेला, अजून पक्का न झालेला बिघाड.

३. 'फ्रीझ फ्रेम' उघडा आणि स्क्रीनशॉट काढा. दिवा ज्या बिघाडामुळे लागला, तो नोंदला गेला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, कूलंटचे तापमान, इंजिनवरचा भार आणि इंधनाची दुरुस्ती (फ्युएल ट्रिम) असे आकडे त्यात असतात. यासारखा पुरावा दुसरा नाही, आणि कोड पुसला की तो कायमचा जातो.

४. बॅटरीचा व्होल्टेज पाहा. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असावा. बॅटरी मरायला टेकली की नसलेल्या बिघाडांचे कोड रांगेने येतात.

५. 'क्लिअर'ला हात लावू नका. बॅटरीची वायर काढू नका, त्यानेही तेच होते.

काम झाले की स्कॅनर काढून ठेवा. सॉकेटला बॅटरीचा थेट पुरवठा असतो, त्यामुळे उभ्या गाडीत तो बॅटरी खात राहतो.

दिवा दोन-चार दिवसच विझलेला का राहतो

कोड पुसला की इंजिनच्या संगणकाने केलेल्या तपासण्यांचे निकालही पुसले जातात. मिसिंगची तपासणी इंजिन चालू असताना सतत होते. कॅटची किंवा ऑक्सिजन सेन्सरची तपासणी मात्र इंजिन गरम, वेग ठरावीक पल्ल्यात आणि काही मिनिटे स्थिर असेल तेव्हाच होते. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये असा योग यायला दिवस जातात. त्यातही पहिल्यांदा चूक दिसली की ती पेंडिंगमध्ये जाते. पुढच्या एक-दोन फेऱ्यांत (इंजिन सुरू करून, गाडी चालवून बंद केली की एक फेरी) पुन्हा दिसली तरच दिवा लागतो. "बघा, विझला ना," या वाक्याला म्हणूनच गॅरेजच्या दारात काही अर्थ नसतो.

खरी दुरुस्ती झाली असेल तर कोड पुसण्याचीही गरज नसते. तपासणी ओळीने तीन फेऱ्यांत पास झाली की दिवा आपोआप विझतो आणि सुमारे ४० वेळा इंजिन थंडपासून गरम झाल्यावर कोडही निघून जातो.

कोड पार्टचे नाव सांगत नाही

कोड सांगतो की अमुक सर्किटमध्ये किंवा अमुक कामात गडबड आहे. कोडमध्ये सेन्सरचे नाव दिसले म्हणून सेन्सर बदलला, हीच सर्वांत महागडी चूक. नेहमीचे चार कोड घेऊ.

पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर बसवा. कोड पी०३०१ चा पी०३०३ झाला तर कॉइल गेली. तसाच राहिला तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. या चाचणीला एक पैशाचा पार्ट लागत नाही. पावसाळ्यात कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात पाणी आहे का तेही बघा.

पी०१३५ हा पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा कोड. आधी फ्यूज बघा, मग कपलरवर, म्हणजे वायरच्या जोडावर, १२ व्होल्ट येतात का बघा. त्यानंतर वायर. बिल्डिंगखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली वायर इतकी नेहमीची आहे की बॉनेट उघडून बॅटरीच्या मागे टॉर्च फिरवणे ही पहिली तपासणी म्हणायला हवी. हे सगळे ठीक निघाले तरच सेन्सरच्या हीटरचा रेझिस्टन्स मोजा. थंड असताना तो काही ओहम असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर सेन्सर खरोखर गेला.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. अॅपमध्ये 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' बघा, म्हणजे संगणक इंधन किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा. निरोगी गाडीत तो उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असतो. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू असताना, अधिक २० आणि २,५०० आरपीएमवर ५-६ वर आला, तर कुठेतरी चोरून हवा शिरते आहे: फाटलेला होज, निसटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेकचे गॅस्केट. उलट, आयडलला ठीक आणि चढावर आकडा वाढत गेला तर इंधन कमी पडते आहे. फ्युएल पंप आणि फिल्टर तपासा. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळलेला असेल तरी असेच दिसते. अनेक छोट्या गाड्यांत एमएएफऐवजी दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. त्यांत हवा शिरली की कोड येण्याऐवजी आयडलच वाढलेले दिसते. पुढच्या सेन्सरच्या आधी सायलेन्सर फुटला असेल तरी हा कोड खोटाच येऊ शकतो.

सीएनजी गाडीत यापुढे एक सोपी पायरी आहे. चार-पाच दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. कोड आला नाही तर सीएनजीचा फिल्टर, रेग्युलेटर आणि गॅसचे इंजेक्टर बघायचे. मिसिंग फक्त गॅसवर येत असेल तर आधी प्लग आणि कॉइल. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते, त्यामुळे अशक्त कॉइल पेट्रोलवर निभावते आणि गॅसवर उघडी पडते.

पी०४२० म्हणजे कॅट पुरेसे काम करत नाही, असा संशय. कॅट अनेक हजारांना मिळतो, म्हणून इथे घाई करू नका. सायलेन्सरला गळती आहे का ते बघा. मग इंजिन पूर्ण गरम करून २,५०० आरपीएमवर धरा आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज पाहा. तो ०.६ ते ०.८ च्या आसपास जवळपास स्थिर असेल तर कॅट बरा आहे. ०.१ ते ०.९ असा झपाझप वरखाली होत असेल तर कॅट संपला. पण तो का संपला? जुने मिसिंग किंवा ऑइल खाणारे इंजिन तसेच ठेवून नवा कॅट बसवला, तर तोही तसाच जाईल. आणि जुना कॅट गॅरेजमध्ये सोडू नका. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असते. भंगारातही त्याला चांगली किंमत येते.

"पेट्रोलचे झाकण घट्ट करून बघा" हा सल्ला मुळात अमेरिकेतल्या गाड्यांचा. तिथे टाकीतून वाफ गळते का, हे संगणक तपासतो. इकडच्या बहुतेक गाड्यांत ती तपासणीच नाही.

बीएस-६ डिझेलमध्ये नेहमीचे दुखणे डीपीएफचे, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचे. रोज चार-पाच किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत काजळी जळत नाही. हायवेवर १५-२० मिनिटे २,००० आरपीएमच्या वर स्थिर चालवून बघा; मॅन्युअलमध्ये नेमका वेग दिलेला असतो.

मेकॅनिककडे जाताना

गाडी वॉरंटीत असेल तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटर. नसेल तर गाडी देण्याआधी व्हॉट्सअॅपवर असे लिहा:

"दादा, दिवा दुसऱ्यांदा लागलाय. कोड पी०१७१, फोटो पाठवलाय. सिग्नलला उभे असताना, गॅसवर लागतो. पेट्रोलवर अजून लागलेला नाही. आधी कारण शोधा, तपासणीचे पैसे वेगळे देतो. पार्ट बदलण्याआधी कोणती टेस्ट केली, काय आकडा आला ते सांगून मला विचारा. जुना पार्ट मला परत हवा."

तपासणीचे पैसे वेगळे देणे महत्त्वाचे आहे. शोधण्याच्या दोन तासांची मजुरी मिळणार नसेल, तर मेकॅनिकला पार्ट बदलूनच ती वसूल करावी लागते. आणि कधीमधी येणारा बिघाड प्रामाणिक माणसालाही पहिल्या फेरीत सापडत नाही, हेही धरून चला. "दोन टेस्ट केल्या, सापडले नाही, पुन्हा आला की लगेच आणा," असे सांगणाऱ्याला सोडू नका.

स्कॅनर न लावता पार्टचे नाव घेणारा, कुठल्याही कोडवर इंजेक्टर क्लीनिंग सुचवणारा, टेस्टचा आकडा विचारल्यावर चिडणारा, जुना पार्ट "फेकला" म्हणणारा असेल तर दुसरे गॅरेज बघा. मागचा सेन्सर फसवायला मध्ये अॅडॉप्टर लावू किंवा कॅट आतून रिकामा करू, असे कुणी म्हणाले तर गाडी तिथून काढा. त्याने धूर वाढतो, आणि पीयूसी आणि वॉरंटी दोन्ही अडचणीत येतात.

सेन्सर आणि कॉइल बॉक्सवरच्या पार्ट नंबरसकट फोटो काढूनच बसवून घ्या. डुप्लिकेट सेन्सरने तोच कोड परत येतो आणि मग सगळे निदानच चुकीचे वाटू लागते.

गाडी परत घेताना

मेकॅनिकसमोर स्कॅनर लावा आणि 'रेडिनेस मॉनिटर', म्हणजे संगणकाच्या कोणत्या तपासण्या पूर्ण झाल्या त्याची यादी, बघा. कोड नुकताच पुसला असेल तर बरेच मॉनिटर अपूर्ण दिसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटे उभे ठेवा, मग मोकळ्या रस्त्यावर ६० ते ८० च्या वेगाने दहा मिनिटे, मधे दोन-तीनदा ब्रेक न मारता अॅक्सिलरेटर सोडून गाडी घरंगळू द्या, शेवटी थोडे ट्रॅफिक. असे दोन-तीन दिवस. सगळे मॉनिटर पूर्ण आणि पेंडिंग यादी रिकामी, तेव्हाच दुरुस्ती झाली म्हणायची. मोठ्या कामाचे काही पैसे या तपासणीनंतर देण्याचे आधीच ठरवून ठेवा.

तोच कोड पुन्हा आला तर

नवा फ्रीझ फ्रेम जुन्याशेजारी ठेवून मेकॅनिकला दाखवा. तोच कोड त्याच परिस्थितीत आला असेल, तर बदललेला पार्ट हे कारण नव्हते. मजुरी पुन्हा न देता काम करून मागा. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानेही न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो. सोबत जोडायला लागतील ते जीएसटीचे बिल, व्हॉट्सअॅपवरचे बोलणे, दोन्ही वेळचे तारखेसह स्क्रीनशॉट आणि परत घेतलेल्या जुन्या पार्टचा फोटो.