सर्फबोर्डवर फायबरग्लास चढवायचं ते उन्हं उतरल्यावर
घरच्या सर्फबोर्डचा गाभा ईपीएसचा, म्हणजे आपल्या थर्माकोलच्या जातीचा असेल, तर फायबरग्लासचं कापड बोर्डवर बसवणारं रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारं चिकट द्रव, इपॉक्सीच घ्या. पॉलिएस्टर रेझिन तो फोम अक्षरशः खाऊन टाकतं.

आणि कापड सकाळी चढवू नका, हे मनापासून सांगतो. दिवस तापू लागला की फोममधली हवा फुगते, ओल्या रेझिनमधून वर येते आणि टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे तसेच गोठतात. पुढे पाणी शिरतं ते तिथूनच. बोर्ड दुपारभर सावलीत ठेवा, संध्याकाळी हवा निवू लागली की सुरुवात करा; आकसणारी हवा रेझिन आत ओढते.

हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं द्रव, घालून कालवलेलं रेझिन लगेच बोर्डवर ओता, भांड्यात राहिलं तर तापून धूर सोडतं. हार्डनर वाढवून घाई मुळीच नको, प्रमाण डब्यावरचंच. हातमोजे घालाच.